आपला आहे तो

चर्चगेटला लोकल पुरती थांबायच्या आधीच लोक उड्या मारतात. तुम्हीही मारा, नाहीतर आत शिरणाऱ्यांच्या लोंढ्यात पुन्हा डब्यात ढकलले जाल. आज मंगळवार, ७ मे १९९१. स्टेशनच्या बाहेर पेपरवाल्यापाशी निवडणुकीच्या बातम्यांची चळत आहे, आणि घाम असा की शर्ट पाठीला चिकटून बसलाय. खिशात मोबाइल शोधू नका. तो अजून कुणाच्याच खिशात नाही.

पाचेक मिनिटं चाला. डाव्या हाताला समुद्र असल्याचं नुसत्या वासावरून कळतं, उजवीकडे रूळ. वानखेडेचं हे जुनं रूप तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलेलं नसेल: बाकडी कमी, सिमेंटच्या पायऱ्या जास्त, त्या पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, आणि वारा आत येऊ नये याची जणू खास व्यवस्था केलेली. वर्तमानपत्र घेतलं असेल तर ते वाचायला नाही, बुडाखाली घालायला.

सकाळ उलटत आलीय. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा, म्हणजे शेवटचा दिवस. हरियाणाचा दुसरा डाव २४२ वर आटोपलाय. फलकाकडे बघून हिशोब करू नका, शेजारी छत्री उघडून बसलेले काका तो करून बसलेत. त्यांच्या मांडीवर लांबट स्कोअरबुक आहे. शिसपेन्सिलीनं ते चारही दिवस प्रत्येक चेंडू टिपत आलेत, असं त्या पानांवरून दिसतंय.

"हरियाणा पहिल्या डावात ५२२," ते तुमच्याकडे न बघताच सांगतात. "दीपक शर्मा १९९. एक धाव कमी पडली बिचाऱ्याला. चेतन शर्मा ९८, अजय जडेजा ९४. आपण ४१०. आता ३५५ हव्यात."

"अनिर्णित राहिला तर?"

आता मात्र ते बघतात. असा प्रश्न वानखेडेवर विचारणारा माणूस नक्की कुठल्या गावचा, हे जोखत. "पहिल्या डावाची आघाडी त्यांची. अनिर्णित म्हणजे हरलोच की हो."

म्हणजे आज मुंबईला दिवस खेळून काढायची सोय नाही. जिंकायचं, नाहीतर हरायचं.

तुम्हाला शेवट ठाऊक आहे. तीन दशकं पुढून आलाय तुम्ही. तो इथं कुणाला सांगायचा नाही एवढं पथ्य पाळा. ते दिसतं तितकं सोपं नाही, हे संध्याकाळी कळेल.

फलकावर इंग्रजीत 'बॉम्बे' लिहिलंय. पायऱ्यांवर मात्र कुणी बॉम्बे म्हणत नाही. इथं 'आपण' म्हणतात. आपण ४१०. आपल्याला ३५५. आणि खेळाडू 'आपला'. काका दर पाच मिनिटांनी तो शब्द वापरतात, त्यांच्या लक्षातही येत नाही. तुम्ही मात्र लक्ष ठेवा. आज मैदानात जे काही होणार आहे त्याचं वजन याच शब्दात आहे.

सुरुवात वाईट. ३४ धावांत तीन गडी तंबूत. कर्णधार संजय मांजरेकर. विजय मांजरेकरांचा मुलगा. या शहरात मधल्या फळीत खेळायला उतरायचं आणि आडनाव मांजरेकर असायचं, म्हणजे पहिल्या चेंडूपासून दोन फलंदाज तोलले जातात: एक समोर दिसणारा, दुसरा लोकांच्या आठवणीतला. आठवणीतला कधी बाद होत नाही, ही त्यातली गोची.

पायऱ्यांवर चुळबुळ सुरू होते. ही चुळबुळ नीट ऐका, कारण ती परक्या संघाच्या वाट्याला येत नाही. कपिलदेवनं एखादा चेंडू लेगस्टंपच्या बाहेर टाकला तर लोक हसतात आणि सोडून देतात. मुंबईच्या फलंदाजानं तसल्या चेंडूला बॅट लावली तर मागच्या रांगेतून कुणीतरी आईच्या स्वरात "अरेऽ" म्हणतं. त्या 'अरे'त राग कमी असतो, हक्क जास्त. आणि तो सुटा येत नाही, सोबत माहिती घेऊन येतो. हा कुठल्या शाळेचा, कुणाच्या नेटमध्ये शिकला, कांगा लीगमध्ये मागच्या पावसाळ्यात कितीवर बाद झाला, डाव्या पायाची हालचाल लहानपणापासूनच कशी अर्धवट, सगळं. बाहेरगावी प्रेक्षक तुमचा खेळ बघतात. घरी ते तुमची कुंडली उघडून बसतात.

"गावसकरलासुद्धा सोडलं नव्हतं," काका म्हणतात. "पहिली रणजी मॅच, म्हैसूरविरुद्ध, शून्यावर गेला. मामा माधव मंत्री ना, मग काय. भाच्याला घुसवला म्हणून लोक बोलायला लागले. पुढच्या मॅचला राजस्थानला शंभर ठोकले तेव्हा गप्प झाले."

"तुम्ही बोलला होतात?"

काका पेन्सिलीला टोक काढायला घेतात.

त्याच मामांची एक गोष्ट मुंबईच्या मैदानांवर सगळ्यांना ठाऊक आहे. लहानग्या सुनीलनं मामाच्या कपाटातली टोपी मागितली, तर मामा म्हणाला, ती मिळत नसते, कमवावी लागते. गोष्ट गोड आहे. पण तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही: कमावलेली टोपी या शहरात दर रविवारी पुन्हा कमवावी लागते.

विश्वास बसत नसेल तर थोडी वाट वाकडी करू. डोळे मिटा आणि उघडा.

माटुंगा, दडकर मैदान, सत्तरच्या दशकातला एखादा पावसाळी रविवार. कांगा लीग. ही स्पर्धा १९४८ पासून पावसाळ्यातच खेळतात, मुद्दाम. खेळपट्टीला झाकण नाही, तिच्यावरून नुकतीच सर येऊन गेलीय, आणि बाहेरचं गवत इतकं माजलंय की तडाखून मारलेला चेंडू तीस पावलांवर जाऊन नाहीसा होतो. मग क्षेत्ररक्षक आणि फलंदाज दोघंही वाकून तो शोधतात. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क असेल तर कंपाउंडच्या भिंतीवरही जागा मिळायची नाही. एका बाजूला कसोटी खेळलेला फलंदाज. दुसऱ्या बाजूनं चेंडू टाकतोय एक बँकेतला कारकून, पँट चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली, आणि त्याचा चेंडू या खेळपट्टीवर कुठल्याही इंग्लिश गोलंदाजापेक्षा जास्त वळतोय. कसोटीवीर सातवर त्रिफळाचीत. भिंतीवरचा एक मुलगा दुसऱ्याला सांगतो, "बघ, म्हटलं होतं ना?" उद्या सोमवारी तो कारकून काउंटरवर बसेल आणि पुढची वीस वर्षं तो चेंडू रांगेतल्या प्रत्येकाला पुन्हा टाकून दाखवेल.

दादर युनियनचा दरारा कशाचा होता? उशिरा यायचं नाही, मळके कपडे घालायचे नाहीत, आणि कसोटी खेळून आलात म्हणून क्लबात वेगळा पाट मांडला जाणार नाही. दिलीप वेंगसरकर याच क्लबात वाढला. राहायला दादरची हिंदू कॉलनी, शाळा किंग जॉर्ज, म्हणजे हे सगळं जग चालत फिरून येण्याएवढं. या शहराचं क्रिकेट तेव्हा तेवढंच होतं: दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, आणि दक्षिणेला आझाद मैदान, क्रॉस मैदान. कसोटी क्रिकेटला लागणारी अख्खी फलंदाजी या चार-पाच पट्ट्यांमधून निघायची. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईतच राहिला. आपल्याला याचा अभिमान वाटतो, वाटावाच. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या जागेवरून त्या पंधराकडे बघा. तुझ्या आधीच्यांनी पंधरा वर्षं हरणं म्हणजे काय ते पाहिलंच नाही, आता तू जा आणि खेळ.

डोळे मिटा. परत या, ऊन वाट बघतंय.

पंधरानंतरही मुंबई जिंकत राहिली, पण १९८४-८५ पासून करंडक घरी आलेला नाही. पाच हंगाम कोरडे गेलेत. दुसऱ्या एखाद्या संघानं पाच वर्षांत अंतिम फेरी गाठली तर त्याची मिरवणूक निघेल. पंजाब, बडोदा, बंगाल इथले लोक या तक्रारीला हसतील. मुंबईत मात्र याला दुष्काळ म्हणतात, आणि दुष्काळात माणसं चिडचिडी होतात.

तर ३ बाद ३४ नंतर दोघं खेळपट्टीवर आहेत. त्यातला एक १८ वर्षं आणि १३ दिवसांचा. सचिन तेंडुलकर. मागच्या ऑगस्टात त्यानं ओल्ड ट्रॅफर्डवर कसोटी शतक काढून सामना वाचवलाय. तिथं तो भारताचा होता. इथं तो वांद्र्याच्या साहित्य सहवासातला, शारदाश्रमचा, आचरेकरसरांचा पोरगा आहे, आणि त्याला शाळेच्या चड्डीत खेळताना पाहिल्याचं सांगणारे याच पायरीवर चौघं बसलेत. त्यातला निदान एक खरं बोलत असावा.

मग तो मारायला लागतो.

हे वर्णन मी लांबवणार नाही, तुम्ही डोळ्यांनी बघताय. ७५ चेंडूंत ९६. पाच षटकार, नऊ चौकार. गोलंदाजांत कपिलदेव आहे, चेतन शर्मा आहे, आणि पोराला त्याचं सोयरसुतक नाही. मैदानाबाहेरून गाडी हॉर्न देत जाते आणि त्याच क्षणी चेंडू पायऱ्यांच्या दिशेनं येतो, तेव्हा क्षणभर वाटतं की गाडीनंच दाद दिली. काका चौकोनात आकडे भरतात, पेन्सिल मोडते, दुसरी काढतात. आजूबाजूला गर्दी वाढतेय. चर्चगेटच्या कचेऱ्यांतून लोक जेवणाच्या सुट्टीत आलेत आणि सुट्टी संपली तरी उठत नाहीयेत. टाय सैल केलेला एक जण कुणालाही न विचारता सांगून टाकतो, "साहेबाला सांगितलंय बँकेत चाललोय."

समोरच्या टोकाला वेंगसरकर. वय ३५. लॉर्ड्सवर तीन लागोपाठच्या कसोट्यांत शतकं, १९७९, १९८२, १९८६. विश्वचषक जिंकलेल्या संघातला. त्याच्या आयुष्यात आता सिद्ध करायचं काय राहिलंय, असं तुम्हाला वाटेल. तोही हळूहळू लयीत येतोय. १३४ धावांची भागीदारी होते.

आणि ९६ वर सचिन बाद.

सगळं वानखेडे उभं राहतं. टाळ्या. काकांनी छत्री मिटवून बगलेत धरलीय, दोन्ही हात मोकळे करायला. "आपला आहे तो," ते शेजारच्याला, म्हणजे तुम्हाला, सांगतात. जणू तुम्ही त्यावर हक्क सांगायला आला होता.

टाळ्यांच्या भरात डोळे मिटू नका. मिटलेत? आता उघडा. पायरी तीच आहे, पण मार्च २००६ उजाडलाय.

इंग्लंडविरुद्ध कसोटी. खेळपट्टीवर तोच माणूस, आता बत्तिसाचा, वीस-बावीस वर्षांची मुलं ज्याच्या जाहिराती बघत मोठी झाली तो. २१ चेंडू खेळून १ धाव. अँडरसनचा चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे जातो, आणि तो वळून चालू लागतो. तेव्हा तुमच्या मागच्या रांगांतून एक आवाज निघतो. आधी तुम्हाला वाटतं कुणीतरी इंग्लंडच्या खेळाडूला चिडवतंय. नाही. ही हुर्यो सचिनची आहे. वानखेडेवर. सगळे नाहीत, बरेचजण ओरडणाऱ्यांना गप्प करायला बघताहेत, पण आवाज ओळखू येण्याइतके आहेत. त्याचा खांदा दुखावलाय, थोड्याच दिवसांत लंडनला शस्त्रक्रिया होणार आहे. पायऱ्यांना त्याचं काय. तो मान खाली घालून पायऱ्यांच्या सावलीत शिरतो.

ओरडणाऱ्या तरुणाला खांद्याला धरून विचारा की बाबा, कशासाठी? तो दचकून म्हणेल, "अहो, आपलाच आहे ना तो. आपल्याला नाही बोलायचं तर कुणाला?"

उत्तर ऐकलंत? पंधरा वर्षांपूर्वी काकांनी वापरलेलाच शब्द. एकाच शब्दात टाळीही मावते आणि हुर्योही. परक्या मैदानावर हुर्यो झाली तर खेळाडू ती हॉटेलच्या खोलीत सोडून येतो. घरच्या मैदानावरची हुर्यो मात्र त्याच्याबरोबर घरी येते, कारण घर पाच स्टेशनांवरच असतं.

१९८४ साली रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्याबरोबर एक निबंध लिहिला. त्यांच्या बेसबॉलच्या अंतिम मालिकांचे आकडे तपासून तो म्हणाला की निर्णायक सामन्यात घरचे प्रेक्षक फायद्याऐवजी कधीकधी तोटाच करतात. मोठा मान समोर दिसत असतो, आपली माणसं बघत असतात, आणि खेळाडूचं लक्ष चेंडूवरून स्वतःवर जातं. हातानं सवयीनं करायची गोष्ट तो विचार करून करायला लागतो. १९९५ साली दुसऱ्या संशोधकांनी जास्त हंगामांचे आकडे घेऊन सांगितलं की असं काही ठामपणे दिसत नाही. आकड्यांचं भांडण त्यांनी मिटवावं. मला त्या निबंधातली एक गोष्ट मात्र पटते: जीव लावणारा प्रेक्षक हा नेहमीच आधार नसतो. मुलाच्या परीक्षेच्या दिवशी आख्खं घर दारात निरोप द्यायला उभं राहिलं की त्या मुलाच्या पोटात काय होतं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

चला, १९९१. ऊन उतरू लागलंय.

विनोद कांबळी आलाय. कांजूरमार्गहून लोकलनं किट बॅग सांभाळत शाळेत आणि मैदानावर जाणारा पोरगा. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर शालेय सामन्यात त्यानं आणि सचिननं ६६४ ची भागीदारी केली तेव्हा पॅड बांधून त्यांच्यानंतर जायचा म्हणून एक मुलगा बसला होता, अमोल मुझुमदार. तो बसूनच राहिला. मुंबईकर होण्यातला तिसरा दाब हा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते: समोरचा संघ नव्हे, प्रेक्षक नव्हे, तुमच्यामागे पॅड बांधून बसलेला दोस्त. तुम्ही दोनदा चुकलात की तो येणार. तो चुकला की त्याच्यामागचा. दुसऱ्या राज्यात जिथं एखादा हिरा सापडतो तिथं त्याला जपतात. इथं चाळ भरून हिरे, म्हणून प्रत्येकानं स्वतःलाच जपायचं. मुंबईचा खडूसपणा म्हणतात तो यातून आलाय, आणि मला त्याचं जरा जास्तच कौतुक होतं असं वाटतं. खडूसपणा हे चिलखत आहे. चिलखत कुणी हौसेनं घालत नाही.

कांबळी ४५ काढून जातो, वेंगसरकरबरोबर ८१ ची भागीदारी करून. मग पडझड. एका टोकाला वेंगसरकर उभा आणि दुसऱ्या टोकाला माणसं येऊन जाताहेत, चर्चगेटच्या फलाटासारखी. योगेंद्र भंडारीच्या एका षटकात तो २६ धावा कुटतो. दिवसभर उन्हात शिजलेले लोक त्या षटकात पायऱ्यांवरून अक्षरशः उडतात. टायवाला आता टाय डोक्याला बांधून उभा आहे.

९ बाद ३०५. पन्नास हव्यात. शेवटचा गडी येतो, अ‍ॅबी कुरुविल्ला, साडेसहा फुटी, वेगवान गोलंदाज.

आणि वेंगसरकरच्या पायात पेटके येतात.

हे दृश्य नीट बघून ठेवा, कारण नंतर ते स्कोअरकार्डात कुठं दिसणार नाही. धावण्यासाठी रनर म्हणून लालचंद राजपूत येतो, आधीच बाद झालेला, पुन्हा पॅड बांधून. म्हणजे आता फटका एकाचा, पाय दुसऱ्याचे, आणि समोरून धावायचं तिसऱ्यानं. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही विचारा, रनर आला की धावबाद ठरलेला. दोन माणसांच्या 'ये'-'नको'मध्येच गोंधळ होतो, इथं तर तिघं.

पण होत नाही. दहा धावा, वीस, तीस. धावा वेंगसरकरच्या, कुरुविल्लाचं काम एवढंच की उभं राहायचं. तुम्ही आता मैदानाकडे कमी आणि काकांकडे जास्त बघताय. त्यांनी स्कोअर लिहिणं थांबवलंय. प्रत्येक चेंडूनंतर ते चौकोन नुसता बोटानं दाबतात, मग घाईघाईनं एकदम चार-पाच भरतात. मागचा कुणी पुटपुटतोय. पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी पोरानं तर पाठच फिरवलीय मैदानाकडे. तो नुसता आवाजावरून ऐकतोय. त्याचं म्हणणं की तो बघत होता तेव्हाच विकेट गेल्या. आज इथं काही हजार माणसांपैकी प्रत्येकाला वाटतंय की हे सगळं आपल्या एकट्याच्या बसण्या-उठण्यावर चाललंय. कुणी जागा सोडत नाही. कुणाला लघवीला जायचंय, तो जात नाही. ही अंधश्रद्धा आहे, मान्य. पण हेच सगळं ओझं गोळा होऊन बावीस यार्डांच्या मधोमध उभ्या असलेल्या, पायात गोळे आलेल्या, पस्तिशीच्या माणसाच्या खांद्यावर चाललंय. त्याला आपली नावं माहीत नाहीत, पण आपण कोण ते त्याला नक्की माहीत आहे. याच माणसांमधून तो वर आलाय.

"कर्नल," काका पुटपुटतात. "१९७५ ला नागपूरला इराणी करंडकात बेदी-प्रसन्नाला झोडून ११० काढले तेव्हापासून कर्नल. आपला आहे तो. सोडणार नाही तो."

आणि मग ते एकदम तुमच्याकडे वळतात. डोळ्यांत थेट बघतात. "काय हो, जिंकतोय ना आपण?"

इथं तुम्हाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. सांगून टाकावंसं वाटतं. उठून ओरडावंसं वाटतं की धावू नका, कुणीच धावू नका, पुढच्या चेंडूवर मिळतील. तीस-बत्तीस वर्षं पुढून आलेल्या माणसाला एवढा एक चेंडू बदलता येऊ नये? तुम्ही तोंड उघडता. आणि बाहेर येतं, "हो. जिंकतोय."

बघा, तुम्हीही टाकलंत. त्याच्या खांद्यावर, आणखी एक.

तीन हव्यात. चेतन शर्मा धावत येतो. चेंडू बॅटला लागतो. राजपूत निघालाय. कुरुविल्लाला समजायला अर्ध्या क्षणाचा उशीर होतो, किंवा होत नाही, पाय लांब आहेत पण अंतरही तेवढंच आहे. चेंडू आत फेकला जातो. यष्ट्या मोडतात.

आवाज होत नाही. हेच विचित्र आहे. इतक्या माणसांचा इतका मोठा शांतपणा तुम्ही आधी ऐकलेला नसेल. मधूनच हरियाणाच्या खेळाडूंची आरोळी येते, आणि ती दुसऱ्या कुठल्या मैदानातून येतेय असं वाटतं. कपिलदेवचे लोक एकमेकांच्या अंगावर कोसळताहेत. त्यांचा हा पहिलाच रणजी करंडक. हरियाणा हाही कुणाचा तरी 'आपला' संघ की, त्यांच्याही गावात कुणी काका असतील. पण ते काका आज इथं नाहीत. हरियाणाच्या खेळाडूंना पाचही दिवस त्यांचा 'अरेऽ' ऐकू आला नाही.

मुंबई सर्वबाद ३५२. दोन धावांनी हार. वेंगसरकर नाबाद १३९.

तो रडतोय.

इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, पण खांदे दिसतात. लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणारा, जगभर शिव्या आणि टाळ्या दोन्ही झेललेला माणूस, एका देशांतर्गत सामन्यात, लहान मुलासारखा. तो भारतासाठी हरला तेव्हा कधी असा रडला असेल का? मला नाही वाटत. देशासाठी हरताना करोडो लोकांची निराशा होते, आणि करोडो हा आकडा आहे. इथं हिंदू कॉलनीतले शेजारी आहेत, दादर युनियनचे सोबती आहेत, ज्यानं पहिल्यांदा बॅट धरायला शिकवली तो कुठंतरी याच पायऱ्यांवर आहे. उद्या सकाळी दूध आणायला खाली उतरल्यावर भेटणारी माणसं ही. कुणी काही बोलणार नाही, उलट "काय खेळलास!" म्हणतील, आणि त्या शब्दांच्या मागे दोन धावांची जागा रिकामी दिसत राहील.

गर्दी उठते. टायवाला डोक्यावरचा टाय सोडून खिशात घालतो. पाठमोऱ्या पोराला कुणीतरी सांगतं की संपलं, आणि तो म्हणतो, "मी बघत नव्हतो, माझा दोष नाही."

तुम्ही आणि काका चर्चगेटपर्यंत बरोबर चालता. बोलत नाही. विरारची जलद गाडी लागलीय, पण काका हळू गाडीत चढतात, माटुंगा रोडला उतरणारे ते. खिडकीची जागा मिळते. डब्यात आधीच वाद पेटलाय: राजपूतनं धावायला नको होतं, कुरुविल्लानं मागे बघितलं, भंडारीच्या षटकात आणखी एक हाणला असता तर. प्रत्येकाला आपण तिथं असतो तर काय केलं असतं ते तपशीलवार माहीत आहे.

काकांनी मांडीवर स्कोअरबुक उघडलंय. पेन्सिल घेऊन ते पहिल्या फलंदाजापासून धावा पुन्हा मोजताहेत. आधी फलंदाजांच्या, मग अवांतर. बाइज, लेगबाइज, नो-बॉल. बेरीज करतात, ओठ हलतात, डोकं हलवतात, खोडतात. गाडी हलते.

"एखादी लेगबाय धरायची राहिली असेल हो," मरीन लाइन्स येता येता ते तुम्हाला सांगतात. "तीनच तर हव्यात." आणि पुन्हा वरून मोजायला लागतात.